पृष्ठरज्जूंतील दोन वाटा

पायांत कांटा रुतला असतां पाय आधीं मागें घेतला जातो आणि कांटा लागल्याचें ज्ञान क्षणभर मागाहून होतें. पाय मागें घेण्याची आज्ञा पृष्ठरज्जूच देतो. वेदना कळावयास मात्र ती बातमी मेंदूपर्यंत पोहोंचावी लागते. ही बातमी कोणत्या वाटेनें जाते, याचा थोडक्यांत विचार करूं.

पृष्ठरज्जु म्हणजे पाठीच्या कण्याच्या पोकळींतील मज्जातंतूंचा जुडगा. प्रौढ माणसांत त्याची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर असते व त्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. संवेदना पाठीकडील मुळांनीं आंत येतात व हालचालीच्या आज्ञा पोटाकडील मुळांनीं बाहेर जातात, हें फ्रान्समध्यें माझांदी यानें १८२२ सालीं प्रयोगानें दाखविलें.

आंत आलेल्या संवेदनांस दोन वाटा आहेत. सूक्ष्म स्पर्श, कंप आणि आपले अवयव कोठें आहेत याचें ज्ञान पहिल्या वाटेनें जातें. ती रज्जूच्या पाठीकडील भागांतून त्याच बाजूनें वर चढते व मेंदूच्या पायथ्याशीं पलीकडे जाते. दुसरी वाट वेदना व शीतोष्ण यांची. ती रज्जूंत शिरल्यावर थोड्याच अंतरांत मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूनें वर जाते.

एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे एक कोडें सुटतें. समजा, पाठींत घाव लागून रज्जूचा उजवा अर्धा भाग तुटला. मग उजव्या पायाची शक्ति जाईल व डोळे मिटले असतां तो पाय कोठें आहे हें कळणार नाहीं. परंतु चटका कळेनासा होईल तो डाव्या पायास! ही गोष्ट मॉरिशस बेटांत जन्मलेल्या ब्राउन-सेकार (१८१७-१८९४) या शास्त्रज्ञानें उघडकीस आणिली.

कधीं कधीं रज्जूच्या मध्यभागीं पाण्याची पोकळी वाढते. दुसरी वाट तेथेंच ओलांडत असल्यामुळें दोन्ही हातांचें वेदनाज्ञान हरपतें, स्पर्श मात्र राहतो. असा मनुष्य तापलेलें पातेलें निःशंकपणें उचलतो. भाजल्याचें त्यास फोड पाहूनच समजतें.

पहिली वाट बिघडण्याचें एक कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव. तें दूध, अंडीं, मासे व मांस यांत असतें. धान्यांत व भाज्यांत नसतें. ही उणीव फार दिवस राहिल्यास पायांस मुंग्या येतात, अंधारांत तोल जातो व तोंड धुतांना डोळे मिटतांच मनुष्य डगमगतो. उजेडांत पायांचें काम डोळे भरून काढतात. अंधारांत तो आधार सुटतो. घरांतील वडील माणसें अशीं डगमगूं लागल्यास ‘म्हातारपण’ म्हणून स्वस्थ न बसतां त्यांस डॉक्टरांकडे न्यावें. रोग लौकर ओळखल्यास औषधानें पुष्कळ सुधारणा होते. उशीर झाल्यास कायमचें व्यंग राहूं शकतें.

वेदना कोणासच आवडत नाहीं. परंतु ज्याची वेदना गेली, त्याच्या घराचा पहारेकरीच गेला. देवानें ठेविलेल्या या पहारेकऱ्याची हांक आपण वेळींच ऐकावी.