व्याख्येच्या शोधात एक व्यवसाय : शैक्षणिक तंत्रविज्ञानाची संघटना आणि तिची परिभाषा

एखाद्या व्यावसायिक संघटनेचा इतिहास तिच्या अध्यक्षांच्या नामावलीपेक्षा तिने वेळोवेळी धारण केलेल्या नावांतून अधिक स्पष्ट दिसतो. अमेरिकेतील 'असोसिएशन फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन्स अँड टेक्नॉलॉजी' ही संघटना ह्याचे ठळक उदाहरण होय. १९२३ साली 'नॅशनल एज्युकेशन असोसिएशन' ह्या विशाल शिक्षकसंस्थेचा एक विभाग म्हणून तिचा जन्म झाला, तेव्हा तिचे नाव 'डिपार्टमेंट ऑफ व्हिज्युअल इन्स्ट्रक्शन' असे होते. १९४७ साली 'व्हिज्युअल'च्या जागी 'ऑडिओ-व्हिज्युअल' आले. १९७० साली दृक् आणि श्राव्य ही दोन्ही इंद्रिये नावातून गळाली आणि त्यांच्या जागी 'संप्रेषण' व 'तंत्रविज्ञान' हे दोन अमूर्त शब्द आले. पुढे ही संघटना मातृसंस्थेपासून अलग होऊन स्वायत्त झाली. डोळा, मग डोळा आणि कान, आणि अखेर ज्याला कोणतेही एक इंद्रिय नाही असे शास्त्र, असा हा प्रवास आहे. भाषेच्या अभ्यासकाला तो विचारप्रवर्तक वाटावा, कारण ह्या व्यवसायाने आपले स्वत्व यंत्रे निर्माण करून नव्हे, तर शब्द निवडून सिद्ध करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभीचे सभासद कोण होते, हे लक्षात घेतल्याशिवाय ह्या खटाटोपाचे कारण उमगत नाही. अमेरिकेतील शहरांच्या शाळाखात्यांत चित्रफिती, जादूच्या कंदिलाच्या काचा, त्रिमितीदर्शक छायाचित्रे आणि नमुने ह्यांचा साठा सांभाळणारी ही माणसे होती. सेंट लुई येथे १९०५ साली स्थापन झालेल्या शैक्षणिक संग्रहालयातून असे साहित्य घोडागाडीतून शाळाशाळांत पोहोचविले जाई. म्हणजे व्यवहारात हा व्यवसाय कोठीवाल्याचा आणि वाहतूकदाराचा होता. वर्गात शिकविणारा शिक्षक वेगळा, शिक्षणाचा सिद्धांत मांडणारा प्राध्यापक वेगळा. दोघांच्या मध्ये हा तिसरा, हातात पेटी घेऊन उभा. त्याला आपण कोण, असा प्रश्न पडणे स्वाभाविकच होते. बोलपट १९२७ पासून रूढ होऊ लागला, तरी 'दृश्य' हे एकेरी विशेषण नावात आणखी वीस वर्षे टिकले, ह्यातही त्या पेटीचा जडपणा दिसतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकी प्रशिक्षणासाठी चित्रपटांचा प्रचंड उपयोग झाला आणि मगच नावात कानाला जागा मिळाली.

हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडण्याचे श्रेय जेम्स फिन ह्यांना द्यावे लागते. संघटनेचे 'ऑडिओ-व्हिज्युअल कम्युनिकेशन रिव्ह्यू' हे संशोधनपर त्रैमासिक १९५३ साली सुरू झाले. त्याच्या पहिल्याच अंकात फिन ह्यांनी, आपले क्षेत्र व्यवसाय ह्या पदवीस पात्र आहे काय, ह्याची निर्दय तपासणी केली. त्यासाठी त्यांनी सहा कसोट्या घेतल्या : बौद्धिक स्वरूपाचे तंत्र, त्याचे मानवी व्यवहारात उपयोजन, दीर्घ प्रशिक्षण, सभासदांमध्ये उच्च प्रतीचा विचारविनिमय घडविणारी संघटना, पाळली जाणारी आणि पाळावयास लावली जाणारी नीतिसंहिता, आणि संशोधनाने सतत वाढणारा सिद्धांत. पहिल्या दोन कसोट्या क्षेत्र उत्तीर्ण होते. उरलेल्यांत ते कमी पडते, आणि सर्वांत गंभीर उणीव सिद्धांताची, असा त्यांचा निर्णय होता. आपल्याच मंडळींच्या नव्या नियतकालिकाचा आरंभ अशा निदानाने करणे हे धाडसाचे होते. पुढे हेच फिन १९६० च्या सुमारास संघटनेचे अध्यक्ष झाले, हे संघटनेच्याही मनाच्या मोठेपणाचे लक्षण म्हणावे लागेल.

सिद्धांताची ही भूक किती तीव्र होती, ह्याचा पुरावा एका आकृतीच्या दैवगतीत सापडतो. एडगर डेल हे १९३० नंतरच्या दशकात ह्याच संघटनेचे अध्यक्ष होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या दृक्-श्राव्य अध्यापनपद्धतीवरील आपल्या ग्रंथात त्यांनी 'अनुभवांचा शंकू' मांडला. तळाशी प्रत्यक्ष हेतुपूर्ण अनुभव, मग कृतक अनुभव, नाट्यीकरण, सहली, चित्रपट, आणि टोकाशी शब्द, अशी ती मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारी रचना होती. डेल ह्यांनी तिला दृष्टांताचेच स्थान दिले होते आणि तिचा यांत्रिक अर्थ लावू नये, असा इशाराही दिला होता. तथापि पुढे ह्या शंकूवर टक्केवारी चढली : वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस, पाहिलेले तीस, इत्यादी. डेल ह्यांच्या ग्रंथात हे आकडे नाहीत. १९६७ साली एका व्यावसायिक नियतकालिकातील लेखात ते कोणत्याही संशोधनाच्या आधाराशिवाय छापलेले आढळतात; नंतर कोणीतरी त्यांची शंकूशी सोयरीक जुळविली आणि हा संकर डेल ह्यांच्या नावावर जगभर फिरू लागला. २०१४ साली मायकेल मोलेंडा प्रभृती अभ्यासकांनी ह्या आकड्यांची वंशावळ तपशीलवार उलगडून दाखविली.

पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर हा सरळसरळ प्रक्षेप आहे. संतांच्या गाथांत परक्या अभंगांनी प्रवेश करावा आणि नाममुद्रेच्या बळावर ते तेथे नांदावेत, तसाच हा प्रकार होय. भेद एवढाच, की येथे प्रक्षेपकाची प्रेरणा भक्तीची नसून प्रमाणाच्या हव्यासाची आहे. दृष्टांताने ज्या व्यवसायाचे समाधान होत नाही, त्याला आकडा हवासा वाटतो. फिन ह्यांनी दाखविलेली पोकळी अशा रीतीनेही भरली गेली.

ती भरण्याचा दुसरा, अधिक सन्मान्य मार्ग व्याख्येचा होता. १९६३ साली डॉनल्ड इली ह्यांच्या संपादनाखाली ह्या क्षेत्राची पहिली अधिकृत व्याख्या आणि तिच्यासोबत परिभाषाकोश प्रसिद्ध झाला. तेव्हापासून १९७२, १९७७, १९९४ आणि २००८ साली संघटनेने व्याख्या पुन्हा पुन्हा नव्याने केली. भारतीय वाचकाला ह्या लेखनप्रकाराची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. एक सूत्र, त्यावर वृत्ती, त्यावर भाष्य, आणि काही काळाने पूर्वसूत्राचे खंडन करून नवे सूत्र, अशी ही रचना आहे. अल्पाक्षरत्व मात्र सर्वांना सारखे साधलेले नाही. १९७७ ची व्याख्या सोळा भागांची आहे आणि सोळाही भाग मिळून एकच व्याख्या समजावी, असा तिचा आग्रह आहे. सूत्रानेच भाष्य गिळून टाकावे, तसा हा प्रकार झाला. १९९४ च्या व्याख्येने, बार्बरा सील्स आणि रीटा रिची ह्यांच्या हातून, उलट टोक गाठले. अभिकल्प, विकास, उपयोग, व्यवस्थापन आणि मूल्यमापन ही पाच नामे मांडली, की तिचे काम जवळजवळ संपते. ती नेटकी आहे, पाठ करावयास सोपी आहे आणि पाचांतील सर्वांत कोरडी आहे.

ह्या परंपरेतील खरे नाट्य मात्र एका क्रियापदात साठले आहे. १९६३ च्या व्याख्येत संदेशांचे कार्य शिकण्याच्या प्रक्रियेचे 'नियंत्रण' करणे हे होते. त्या काळी स्किनर ह्यांच्या अध्यापनयंत्रांचा आणि क्रमान्वित अध्ययनाचा बोलबाला होता. अपेक्षित वर्तन आधी ठरवावे, ते लहान लहान पायऱ्यांत विभागावे, प्रत्येक योग्य प्रतिसादास तत्काळ प्रबलन द्यावे, ह्या विचारात नियंत्रण हा शब्द दूषणास्पद नव्हता. तो शास्त्रीयतेचा बिल्ला होता. १९७२ च्या व्याख्येत तो नाहीसा झाला आणि मानवी अध्ययन 'सुकर करणे' हा शब्दप्रयोग आला. नऊ वर्षांत कर्ता बदलला, असे म्हणता येईल. पहिल्या वाक्यात शिकविणारी यंत्रणा कर्ती आहे. दुसऱ्यात शिकणारा कर्ता असून यंत्रणा त्याची वाट मोकळी करणारी आहे. २००८ च्या व्याख्येत हे सुकर करणे कायम राहिले आणि त्याच्या जोडीला 'नैतिक' व 'उचित' ही दोन विशेषणे आली. फिन ह्यांच्या पाचव्या कसोटीतील नीती अशा रीतीने पंचावन्न वर्षांनी संहितेतून निघून व्याख्येच्या गाभ्यात आली.

तरीही एक शंका उरतेच. शब्द बदलल्याने व्यवहार बदलतो काय? वाट सुकर करणाराच ती कोठे जावी हेही ठरवीत असेल, तर नियंत्रण गेले असे कसे म्हणावे? 'सुकर करणे' हा शब्द सौम्य आहे, आणि सौम्य शब्दांमागे सत्ता अधिक सुखाने वास करते. १९६३ च्या व्याख्येचा उद्धटपणा निदान प्रामाणिक होता.

ह्या प्रश्नाला भारतीय भाषांच्या संदर्भात एक निराळीच खोली प्राप्त होते. हे शास्त्र भारतात प्रथम क्रमान्वित अध्ययनाच्या रूपाने आले. इंग्लंडमध्ये १९६२ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या नावात आरंभी केवळ क्रमान्वित अध्ययन होते, शैक्षणिक तंत्रविज्ञान मागाहून जोडले गेले; भारतातील समव्यवसायींच्या संघटनेचे नावही त्याच दिशेने बदलत गेले. १९७३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेत शैक्षणिक तंत्रविज्ञान केंद्र सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षात अमेरिकेकडून उसन्या मिळालेल्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविले गेले. हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड ह्या त्यांच्या भाषा होत्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. शास्त्र आले, यंत्रे आली, आणि त्यांच्यामागून नावाचा प्रश्नही आला. ह्या 'टेक्नॉलॉजी'ला आपल्या भाषांत काय म्हणावयाचे?

उत्तरे एकसारखी नाहीत. हिंदीने 'प्रौद्योगिकी' हा शब्द घेतला. त्याच्या पोटात उद्योग आहे, म्हणजे कारखाना दिसतो. बंगालीने 'प्रयुक्ति' स्वीकारला; तेथे प्रयोगाचा, उपयोजनाचा भाव प्रधान आहे. तेलुगू आणि मलयाळम् ह्यांनी 'सांकेतिक' हे विशेषण वापरले, आणि मराठी कानाला ते चिन्हशास्त्राच्या जवळचे वाटते. तमिळमधील 'तोळिल्नुट्पम्' म्हणजे व्यवसायातील सूक्ष्मता, कसबाची बारकाई. पहिल्या पिढीच्या त्या पेटीवाल्यांना हा शब्द कदाचित सर्वांत अधिक आवडला असता. मराठी आणि कन्नड ह्यांनी 'तंत्र' ह्या शब्दाचा आश्रय केला. मराठीत तंत्रविद्या, तंत्रविज्ञान, तंत्रज्ञान अशी रूपे मागेपुढे वापरात आली. शेवटचे आज रूढ झाले आहे.

'तंत्र' हा शब्द 'तन्' म्हणजे ताणणे ह्या धातूपासून आला असून विणकराचा माग, मागावरचा ताणा हा त्याचा जुना अर्थ होय. ग्रीक 'टेख्ने'चे मूळ ज्या आद्य धातूशी जोडले जाते, त्याच्याशीच संस्कृत 'तक्षन्' म्हणजे सुतार आणि लॅटिनमधील विणणे ह्या अर्थाचे 'टेक्सेरे' हे शब्द संबद्ध आहेत. इंग्रजी 'टेक्स्ट' त्या लॅटिन शब्दाचाच वंशज. म्हणजे दोन भिन्न धातूंपासून निघून 'तंत्र' आणि संहितावाचक 'टेक्स्ट' हे शब्द मागावर एकत्र येतात. उलटपक्षी 'यंत्र' आणि 'नियंत्रण' हे दोन्ही शब्द 'यम्', म्हणजे आवरणे, ह्या धातूचे आहेत. १९६३ ची व्याख्या मराठीत आणली, तर तिच्यातील क्रियापद यंत्राच्या कुळातले ठरते. १९७२ ची व्याख्या त्या कुळातून बाहेर पडते. अमेरिकेतील पंडितांना जे दाखविण्यासाठी ग्रंथ लिहावे लागले, की शैक्षणिक तंत्रविज्ञान म्हणजे शिक्षणातील यंत्रे नव्हेत, ते मराठी शब्दयोजनेत आयतेच सूचित होते. विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याची प्रतिज्ञा केली. कथेच्या पोटात कथा घालीत त्याने जी पाच प्रकरणे रचली, त्यांना तंत्रे म्हणतात, हेही येथे आठवावे. क्रमबद्ध आशय, ठरलेली मुदत, निश्चित उद्दिष्ट, आणि हाताशी एकही उपकरण नाही.

तथापि ह्या व्युत्पत्तीवर फार विसंबणे धोक्याचे आहे, कारण तंत्राचा दुसरा अर्थ मराठीत जिवंत आहे. अमुक माणूस तमुकाच्या तंत्राने वागतो, असे आपण म्हणतो, तेव्हा तो त्याच्या मुठीत आहे, असाच अर्थ होतो. स्वतंत्र आणि परतंत्र ही जोडी ह्याच अर्थावर उभी आहे. इंग्रजी व्याख्येने १९७२ साली वगळलेला नियंत्रणाचा प्रश्न मराठी संज्ञेच्या मध्यभागी असा जागा राहिला आहे. 'शैक्षणिक तंत्रज्ञान' हे शब्द उच्चारताच शिकणारा कोणाच्या तंत्राने शिकतो, हे विचारण्याची सोय भाषेनेच ठेवली आहे. 'प्रौद्योगिकी'त ती नाही आणि 'सांकेतिक'मध्येही नाही. मराठी पाठ्यपुस्तकांनी मात्र ह्या सोयीचा लाभ क्वचितच घेतला. त्यांत व्याख्यांची भाषांतरे बहुधा एकाखाली एक दिली जातात. १९६३ आणि १९७२ ह्यांमधील क्रियापदाची तफावत विद्यार्थ्याच्या नजरेस आणून दिली जात नाही, आणि डेल ह्यांच्या शंकूवर आकडे दिसले तर ते कोठून आले, असेही विचारले जात नाही.

महाराष्ट्रात १९८४ साली पुणे येथे शालेय दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी राज्यसंस्था स्थापन झाली आणि २०१७ साली ती बंद पडली. तिच्या अधिकृत नावात शैक्षणिक तंत्रविज्ञान होते, पण ती ओळखली गेली 'बालचित्रवाणी' ह्या नावाने. त्या नावात यंत्र नाही, तंत्रही नाही. चित्र आणि वाणी ही अमेरिकेतील संघटनेने १९७० साली नावातून काढून टाकलेली दोन्ही इंद्रिये तेथे आहेत, आणि त्यांच्या अगोदर बाल आहे. शिकणाऱ्याला त्या संघटनेच्या एकाही नावात स्थान मिळालेले नाही.