गाजरगवत, मेक्सिकन भुंगा आणि शेतकरी माता
(परिसर अभ्यासाच्या एका पाठाची पूर्वतयारी)

पावसाळ्यातील परिसर अभ्यासासाठी पाठ्यसाहित्य शोधीत दूर जाण्याचे कारण नाही. शाळेच्या कुंपणापाशी, रस्त्याच्या कडेला आणि बांधावर बारीक पांढऱ्या फुलांची जी वनस्पती कंबरेएवढी माजलेली दिसते, तिच्यावर आठवडाभराचा अभ्यास सहज होऊ शकेल. तिला आपण गाजरगवत म्हणतो. जुनी मंडळी काँग्रेस गवत म्हणतात. ती मूळची अमेरिका खंडातील. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात तिची नोंद झाली आणि पुढे अल्पावधीत तिने देश व्यापला. परदेशी गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सामान्यतः सांगितले जाते. एका झाडास दहा हजारांहून अधिक बी येते, एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे तिचा प्रसार कसा झाला हे वेगळे सांगावयास नको.

पाठाचा आरंभ मात्र या माहितीने करू नये. ‘तुमच्या शेतातले हे गवत कोण काढते?’ असा प्रश्न आधी विचारावा. बहुतेक मुले ‘आई’ असे उत्तर देतील. खुरपणीचे काम आपल्याकडे स्त्रियांचेच मानले जाते. या गवताच्या अंगी पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याने कातडीवर पुरळ उठते, खाज सुटते. परागकणांनी काहींना दम्याचा त्रास होतो. पिकाचे नुकसान घरातील सर्वांचे होते, पण हात सुजतात ते बहुधा आईचे.

येथे स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. अनेक वर्षांपूर्वी वर्गशिक्षक असताना श्रमदानाच्या उत्साहात मी मुलांकडून फुलावर आलेले गाजरगवत उघड्या हातांनी उपटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी चार मुले हात खाजवीत बसली होती आणि एका मुलीचे डोळे सुजले होते. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्या सुमारास बरेचसे गवत फुलावर आलेले असते. म्हणून या सप्ताहात मुलांना उपटणीस लावू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पाली येथे बिंदुसरा तलावाच्या बाजूस गेलो असता एका बांधावर गाजरगवताची पाने चाळणीसारखी झालेली दिसली. पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले, ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे भुंगे त्यांवर बसले होते. शेजारी खुरपणी करणाऱ्या एक बाई ते वेचून पायाखाली चिरडीत होत्या. कारण विचारता म्हणाल्या, “उद्या हेच कापसावर येतेत की, साहेब.” त्यांची शंका अडाणीपणाची नव्हती. पिकावर आलेली कीड नित्य पाहणाऱ्या माणसास ती येणारच. त्यांना कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

हा मेक्सिकन भुंगा होय. शास्त्रज्ञ त्यास झायगोग्रामा बायकोलोराटा म्हणतात. १९८३ साली तो मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला व चाचण्यांनंतर पुढील वर्षी सोडण्यात आला. पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलावर दिसला, तेव्हा मोठा वाद झाला व शासनाने चौकशी समितीही नेमली. सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे पराग पडल्यामुळे तो तेथे वळतो, असे संशोधनात आढळले. त्याची वंशवृद्धी गाजरगवतावरच होते. कापूस, तूर, बाजरी यांना त्याच्यापासून भय नाही. परकी वनस्पती कीटकाने आवरल्याचे उदाहरण आपल्या देशात याहून जुने आहे. दक्षिणेत माजलेले फड्या निवडुंग १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या किरमिजी किड्याने आटोक्यात आणले.

भुंग्याचा जीवनक्रम फळ्यावर काढून दाखवावा. मादी पानाच्या खालच्या बाजूस पिवळसर अंडी घालते. अळ्या कोवळे शेंडे खातात, त्यामुळे फुलोरा खुंटतो. नंतर अळी मातीत शिरून कोषात जाते. एक पिढी सुमारे महिन्याभरात पुरी होते. हिवाळा आला की प्रौढ भुंगेही जमिनीत निजतात, ते पुढल्या पावसाने जागे होतात. आपल्या जिल्ह्यापुरती यात एक विशेष गोष्ट आहे. दिवाळीच्या आगेमागे अनेक पालक ऊसतोडीस निघून जातात आणि उन्हाळ्यात परततात. भुंग्याच्या कामाचे महिने व माता गावात असण्याचे महिने असे जवळजवळ एकच पडतात. पालक सभा घ्यावयाची तर ती श्रावणात घ्यावी, आणि वर्गात न घेता बांधावर घ्यावी.

भुंगा सर्व काम करील, असे मात्र सांगू नये. पाऊस लांबला तर तो मातीतच राहतो. ओलाव्याच्या जागी गवत बारमाही उगवते, तेथेही तो पुरा पडत नाही. म्हणून पिकातले गवत फुलापूर्वीच, हातास फडके अगर पिशवी बांधून काढावे व खतात घालावे. बांधावरील व पडीक जागेतील भुंगे लागलेले गवत राहू द्यावे. तेथे औषध फवारू नये. हेक्टरी सुमारे ५०० भुंगे सोडण्याची शिफारस आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे त्यांची चौकशी करावी, अथवा जेथे ते विपुल असतील तेथून सकाळच्या प्रहरी झाकणास भोके पाडलेल्या बरणीत, थोड्या पाल्यासह आणावेत. हे काम मोठ्यांचे. मुलांनी भिंगातून पाहावे आणि वहीत नोंद करावी.

दुसरा उपाय तर मातांनाच अधिक ठाऊक आहे. पहिल्या पावसानंतर ज्याची भाजी करतात, तो तरोटा दाट उगवला म्हणजे गाजरगवतास जागा सोडीत नाही. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वाळलेल्या शेंगा मुलांकडून गोळा करवून बी डब्यात भरून ठेवावे. मृगापूर्वी ते कुंपणालगत फेकावे. डब्यावर गोळा करणाऱ्या मुलांची नावे लिहावीत. त्यांतील काही त्या वेळी फडावर असतील, परतल्यावर ती आपला डबा विचारतात.