उताराचें गणित आणि संगणकावरील त्याची आकृति

कबनूर हें हातकणंगले तालुक्यांतील गांव इचलकरंजीस अगदीं लागून आहे. इतकें कीं, एकाची वस्ती कोठें संपते आणि दुसऱ्याची कोठें सुरू होते, हें नवख्या माणसास सहसा कळत नाहीं. यंत्रमागांचा खडखडाट दोन्हींकडे सारखाच. अशाच मागांवर उभ्या जन्मांत काम केलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांचे पाय आतां चालत नाहींत. चाकांच्या खुर्चीवांचून त्यांस गत्यंतर नाहीं. पावसाचें पाणी आंत शिरूं नये म्हणून त्यांनीं स्वतःच घराचें जोतें दीड फूट, म्हणजे सुमारें ४५ सेंटिमीटर, उंच बांधविलें होतें. त्या वेळीं जी सोय वाटली, तिनेंच आतां त्यांस घरांत कोंडून ठेविलें. पायऱ्यांच्या शेजारीं एक उतार बांधावयाचा होता, त्याची आकृति संगणकावर काढून द्यावी, अशी विनंती त्यांच्या चिरंजीवांनीं आम्हांस केली व आम्हीं ती मोठ्या उत्साहानें मान्य केली. त्या कामांत जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थी मित्रांपुढें ठेवण्याचा आमचा हेतु आहे.

आम्हीं यासाठीं रेव्हिट नांवाचें सॉफ्टवेअर घेतलें. त्यांतील रीति दिसावयास फार सोपी आहे. प्रथम फ्लोअर या आज्ञेनें जमिनीची आयताकृति चौकट आंखावी. मग स्लोप ॲरो म्हणून जो बाण असतो, तो तिच्यांत खालच्या बाजूकडून वरच्या बाजूकडे ओढावा. बाणाच्या शेपटाची उंची किती आणि डोक्याची किती हें सांगितलें, किंवा शेपटाची उंची सांगून उताराचें मान दिलें, कीं ती सपाट जमीन आपोआप कलते. चाकांच्या खुर्चीचा उतार १ : १२ हून तीव्र नसावा, हा आपल्या देशांतील बांधकामाच्या नियमांतला आंकडा आम्हांस पाठ होता. तेव्हां आम्हीं उताराच्या रकान्यांत १२ हा आंकडा घातला आणि वरचें टोक जोत्यास भिडेपर्यंत चौकट लांबवीत गेलों. ती अवघ्या २ मीटर १२ सेंटिमीटरांवरच भिडली! इतक्या थोड्या जागेंत काम भागलें, याचा आम्हांस आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशीं कागदावर गुणाकार करून पाहिला, तेव्हां तो आनंद मावळला. एकास बारा या प्रमाणानें ४५ सेंटिमीटर चढावयाचें, तर ४५ × १२ म्हणजे ५४० सेंटिमीटर लांबी हवी. आमच्या आकृतींत तिच्या निम्मीही नव्हती. दोष संगणकाचा नव्हता. त्या आकृतींत उताराचें एकक अंश असें ठरविलेलें होतें. तें न पाहतां आम्हीं १२ लिहिले, आणि त्यानें १२ अंशांचा उतार करून दिला. बारा अंशांचा उतार म्हणजे जवळजवळ १ : ४·७. पडद्यावर तो मोठा देखणा दिसत होता. परंतु त्यावरून खुर्ची उतरवितांना मागें धरणाराचा हात सुटता, तर काय झालें असतें, याचा विचारही नकोसा वाटतो.

उतार सांगण्याच्या रीति तीन आहेत, आणि त्यांची गल्लत भल्याभल्यांची होते. १ : १२ हें प्रमाण शेकडा ८·३३ होतें आणि अंशांत ४·७६ भरतें. शेकडा १०० उतार म्हणजे उभी भिंत असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो ४५ अंशांचाच उतार होय, कारण तेथें जितकें पुढें जावें तितकेंच वर चढावें लागतें. ही लांबी नेहमीं आडवी, जमिनीवर मोजावयाची, उतारावरून नव्हे. आमच्या उदाहरणांत आडवी लांबी ५·४० मीटर, तर पायथागोरसाच्या सिद्धांतानें तिरपी लांबी ५·४२ मीटर येते. फरक दोन बोटांचा दिसतो, पण उतार जसा तीव्र होतो तसा तो वाढत जातो.

आतां बाणाचें मर्म पाहूं. तीन पायांची तिवई कसल्याही जमिनीवर डुगडुगत नाहीं. चार पायांची बाज मात्र डुगडुगते. कारण, एका रेषेंत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच सपाट पृष्ठभाग जातो; चौथा बिंदु त्यांत बसेलच असें नाहीं. स्केचअप नांवाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्यें आयताचा एकच कोपरा उचलून पाहावा. पृष्ठभाग मधोमध मोडून त्याचे दोन त्रिकोण होतात. बाण वापरला असतां ही भीति राहत नाहीं, कारण बाणाच्या दिशेनें चढ आणि त्याच्या काटकोनांत सर्वत्र सारखी उंची, असा त्याचा अर्थ आहे. देकार्तनें १६३७ सालीं जी बीजगणिती भूमिति जगापुढें मांडली, तिच्या भाषेंत सांगावयाचें तर उंची उ आणि आडवें अंतर क्ष यांचें समीकरण उ = क्ष ÷ १२ एवढेंच. रुंदीचा त्यांत संबंध नाहीं. परंतु बाण जरासा तिरपा ओढला, कीं रुंदीही समीकरणांत शिरते, उतार एका कुशीवर कलतो, आणि खुर्ची कडेकडे ओढली जाते. दोन्ही टोकांच्या उंच्या देऊन बाण अर्ध्या लांबीचाच ओढला, तर ४५ सेंटिमीटर उंची अर्ध्या वाटेवरच गांठली जाते आणि शेवटास ती ९० होते. आम्हीं हाही प्रमाद एकदां केला आहे.

खरी अडचण पुढेंच होती. अंगण दारापासून समोरच्या कुंपणापर्यंत साडेचार मीटर. त्यांत ५·४० मीटर मावणार कसे? शेवटीं उतार मध्येंच वळवावा लागला. ओट्यापासून २·७० मीटर उतार, म्हणजे साडेबावीस सेंटिमीटर खालीं. मग खुर्ची वळविण्यास व दम घेण्यास दीड मीटर लांबरुंद सपाट जागा. तेथून काटकोनांत कुंपणाच्या कडेनें पुन्हा २·७० मीटर. पुढची खोली ४·२० मीटर भरली. हे तीन तुकडे संगणकावर वेगवेगळे काढले, उताराच्या प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र बाण दिला, आणि या वेळीं अंशांचा रकाना टाळून दोन्ही टोकांच्या उंच्याच लिहिल्या: पहिल्यास ४५० व २२५ मिलिमीटर, दुसऱ्यास २२५ व शून्य. स्पॉट एलिव्हेशन या साधनानें जागोजागीं उंची वाचून पाहिली. दोन्ही बाजूंस कठडाही दाखविला.

छापील नकाशा गवंड्याच्या हातीं दिला. त्यानें तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलें, "म्हणजे फुटाला इंच ना?" बारा इंचांचा फूट, त्यास एक इंच चढ: १ : १२ हेंच तें. आमचे दोन दिवस ज्या आंकड्यापायीं गेले, तो त्याच्या बोलीभाषेंत आधींच होता, आणि त्यांत अंशांचा घोटाळा होण्यास जागाच नव्हती. पाण्याच्या नळीनें त्यानें उंच्या काढल्या, दोन्ही कडांस दोऱ्या बांधल्या व त्यांवरून सरळ फळी ओढीत गेला. सिमेंट ओलें असतांनाच खराट्यानें उतारावर आडव्या रेघा मारल्या, म्हणजे पावसांत चाक घसरावयाचें नाहीं. ही गोष्ट आमच्या आकृतींत कोठेंच नव्हती.

काम पुरें वाळल्यावर ते गृहस्थ प्रथम खालीं उतरले, तेव्हां वळणावरच्या सपाट जागीं त्यांनीं खुर्ची थांबवावयास सांगितलें. तेथून रस्ता दिसतो. बराच वेळ ते तेथेंच बसून होते.