जपानच्या पाणबुड्या स्त्रिया

जपानच्या मिए प्रांतांत शिमा नांवाचें द्वीपकल्प आहे. तेथील कांहीं स्त्रिया हवेची टांकी न घेतां केवळ एका श्वासावर समुद्राचा तळ गांठतात. त्यांस 'आमा' म्हणतात. आठव्या शतकांतील 'मान्योशू' या काव्यसंग्रहांतही आमांचा उल्लेख आहे. इतका हा व्यवसाय प्राचीन आहे.

अवाबी हा गोगलगाईच्या वर्गांतील, चपट्या कवचाचा प्राणी खडकाला घट्ट चिकटून असतो. आमा बुडी मारून पटाशीसारख्या लोखंडी हत्यारानें तो सोडविते आणि सुमारें ५० सेकंदांत वर येते. वर येतांच ती ओठांतून हळूहळू श्वास सोडते, तेव्हां शीळ घातल्यासारखा आवाज होतो. काम आटोपल्यावर सर्वजणी किनाऱ्यावरील झोंपडींत शेकोटीभोवतीं बसून अंग शेकतात.

संयम हें या व्यवसायाचें मर्म होय. मिए प्रांतांत १०.६ सेंटिमीटरहून लहान अवाबी धरण्यास मनाई आहे. टांकी वापरल्यास आज अधिक मिळेल, परंतु उद्यां कांहींच उरणार नाहीं, हें आमा जाणतात.

असें असूनही त्यांची मिळकत घटत आहे. अवाबीचा चारा म्हणजे समुद्रतळावरील मोठ्या वनस्पती. अलीकडे पाणी अधिक उष्ण झालें आहे. त्यांतच कुरोशिओ नांवाच्या उष्ण प्रवाहानें २०१७ सालीं मोठें वळण घेतलें, तें २०२५ पर्यंत टिकलें. उष्ण पाण्यांत वनस्पतिभक्षक मासे हिंवाळ्यांतही चरत राहतात आणि तळ उजाड होतो. कुरण गेल्यावर गुरें कशीं जगावीं? अवाबीचीं पिलें सोडण्यांत येतात, परंतु चाऱ्यावांचून तीं वाढणार कशीं?

१९५६ सालीं जपानांत सुमारें १७,००० आमा होत्या. २०१७ सालीं २,००० सुद्धां उरल्या नव्हत्या. तरुण मुली इतर कामांकडे वळल्या, हेंही याचें एक कारण आहे. त्याच वर्षीं जपान सरकारनें येथील आमांच्या कलेस राष्ट्रीय लोकसंस्कृतीचा ठेवा म्हणून मान दिला. परंतु मानपत्रानें समुद्रांत वनस्पती उगवत नाहींत.

आमांनीं आपला नियम पाळला. समुद्र तापविणारा धूर त्यांच्या झोंपडींतील शेकोटीचा नव्हे. तो जगभरच्या गिरण्यांचा, आगगाड्यांचा व मोटारींचा आहे, आणि त्यांत आपलाही वाटा आहे. एकानें पाळलेला संयम दुसऱ्याच्या हव्यासापुढें टिकत नाहीं. म्हणून पुरेल तेवढेंच घेण्याचा आमांचा नियम आपणही आपल्या घरीं पाळावयास शिकलें पाहिजे.