मार आईला, वळ मुलाला

प्रश्न : माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा आईवडलांबरोबर ऊसतोडीहून परतल्यापासून गप्प झालाय, मधेच इतरांवर हात उगारतो. वडील आईला मारतात, असं शेजारी सांगतात. मी काय करू?
– एक शिक्षिका, गेवराई तालुका

उत्तर : बाई, त्याला खोडकर ठरवलं नाहीत, हे फार चांगलं केलंत. मार आईला बसला तरी मुलाचं शरीर सतत धोक्याच्या तयारीत राहतं. झोप उडते, अभ्यास डोक्यात शिरत नाही, पोट दुखतं. ऊसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत तर आडोसाही नसतो, सगळं डोळ्यांदेखत घडतं. खोदून विचारू नका. ‘यात तुझी चूक नाही’ हे मात्र स्पष्ट सांगा. मुलं दोष स्वतःवर घेतात.

आईशी एकटीशी बोला, नवऱ्यासमोर कधीच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं. सद्‌हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. तरी आधी तिला विचारा, तक्रारीनंतरची रात्र तिलाच काढायची असते. मदतीचे फोन क्रमांक जवळ ठेवा : मुलासाठी १०९८, तिच्यासाठी १८१, जिवावर बेतलं तर ११२. आशाताईंच्या मदतीनं एक विश्वासू शेजारघर शोधा, जिथं मायलेकरं अपरात्री दार वाजवू शकतील. पुढच्या हंगामात त्याला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहात ठेवता येईल का, हे दिवाळीआधीच आईशी बोलून घ्या.