वाहनाचा जॅक : वापर, दुरुस्ती आणि निवड



गळीत हंगाम सुरू झाला की आपले ट्रॅक्टर, ट्रेलर आणि ट्रक रात्रंदिवस रस्त्यावर असतात. इंजिनाचे तेल, टायरची हवा याकडे आपण लक्ष देतो. परंतु सीटखाली पडलेल्या जॅककडे पंक्चर होईपर्यंत कोणी बघत नाही. या लेखात त्याच जॅकची माहिती घ्यावयाची आहे.

प्रथम एक अनुभव सांगतो. वर्कशॉपच्या कामाला लागून मला दोन-तीनच वर्षे झाली होती. एका बागायतदाराने आपला परदेशी बनावटीचा हायड्रोलिक जॅक दुरुस्तीला आणला. दांड्याजवळून तेल झिरपत होते. सील इंचाच्या मापाचे, आणि बाजारात मिळत होती ती मिलिमीटरची. मी जवळच्या मापाचे सील घासून बसवले. हायड्रोलिक तेल हाताशी नव्हते म्हणून ब्रेकचे तेल भरले आणि "चालतंय की" म्हणून जॅक देऊन टाकला. आठ दिवसांनी उसाने भरलेला ट्रेलर उचललेला असताना जॅक एकदम बसला. ड्रायव्हर जुना माणूस, त्याने स्टेपनीचे चाक आधीच ट्रेलरखाली आडवे सारले होते. ट्रेलर त्यावर अडला, म्हणून आत हात घातलेला पोरगा वाचला. मनगट मात्र दुखावले. त्याचा बाप मला एवढंच म्हणाला, "तुमच्या भरवशावर घातला होता की हो हात."

ती चूक जॅकची नव्हती, माझी होती. म्हणून हा लेख लिहिला आहे.

जॅकमध्ये काय घडते?

बंदिस्त तेलावर दाब दिला की तो सर्व बाजूंना सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम. समजा, पंपाचा लहान दांडा १२ मि.मी. व्यासाचा आणि उचलणारा मोठा दांडा ३६ मि.मी. व्यासाचा आहे. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. हँडलच्या लांबीमुळे आपला जोर आधीच दहापट होतो. म्हणजे हाताने २० किलोचा जोर दिला तर लहान दांड्यावर २०० किलो आणि मोठ्या दांड्यावर १,८०० किलो. त्यावेळी आतल्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७७ किलो असतो. ट्रकच्या टायरमधील हवेच्या मानाने हा दाब वीस-पंचवीसपट झाला. एवढा दाब अडवून धरतात ते एक रबरी सील आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या पोलादी गोळ्या. गोळीखाली मातीचा कण अडकला तरी जॅक हळूहळू बसू लागतो.

म्हणून पहिला नियम असा की जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. उचलल्याबरोबर भार घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर किंवा भक्कम लाकडी ठोकळ्यांवर घ्यावा.

वापरताना घ्यावयाची काळजी

१) वाहन सपाट, टणक जागी घ्यावे. हँडब्रेक लावून, जे चाक उचलायचे नाही त्याच्या पुढे-मागे पाचर किंवा मोठे दगड लावावेत.

२) दोनचाकी ट्रेलर ट्रॅक्टरपासून कधीही सोडू नये. सोडल्यास तो पुढे किंवा मागे कलंडतो.

३) काळ्या रानात, विशेषतः पाणी दिलेल्या सरीजवळ, जॅकखाली किमान दोन इंच जाड, रुंद फळी द्यावी. वीट किंवा पोकळ सिमेंट ब्लॉक कधीही वापरू नये. त्याचा एकदम चुरा होतो.

४) चाकाचे नट वाहन जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करावेत. उचलल्यावर पान्याला हिसके दिले की जॅक सरकतो.

५) जॅकचे डोके ॲक्सलखाली मधोमध, सरळ उभे बसवावे. डोक्यावर तेल-ग्रीस असू नये.

६) हँडलमध्ये लांब पाइप घालून जोर लावू नये. जास्त जोर लागतो याचाच अर्थ भार जॅकच्या ताकदीबाहेर आहे.

७) कितीही घाई असली तरी फक्त जॅकवर उभ्या असलेल्या वाहनाखाली शिरू नये. "दोन मिनिटाचंच काम हाय" असे म्हणूनच माणूस आत जातो.

घरी करता येण्यासारखी दुरुस्ती

जॅक पूर्ण उचलत नसेल तर आत हवा शिरलेली असते. सोडण्याचा स्क्रू सैल करून हँडल दहा-पंधरा वेळा मारावे, मग स्क्रू घट्ट करावा. तेल कमी असेल तर दांडा पूर्ण खाली करून, जॅक उभा ठेवून, भरण्याच्या छिद्राच्या कडेपर्यंत भरावे. तेल हायड्रोलिक जॅकचेच हवे. ब्रेकच्या तेलाने सील फुगते व मऊ पडते. इंजिनाच्या जळक्या तेलातील काजळी व कीस गोळीखाली बसतात.

भार हळूहळू बसत असेल तर सर्व तेल काढून, आतील भाग स्वच्छ धुऊन, गोळ्या व त्यांची बैठक तपासावी. सील त्याच मापाचे, नवेच घालावे. घासून बसवलेले सील चालत नाही. जादा भार रोखणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याला मुळीच हात लावू नये. दांडा वाकलेला, गंजून खड्डे पडलेला किंवा बूड तडकलेले असेल तर वेल्डिंग करीत बसू नये, जॅक भंगारात द्यावा. स्क्रू जॅकचे आटे झिजून धारदार झाले असतील तर त्यालाही तोच न्याय.

देशी की परदेशी?

एके काळी आयातीवर निर्बंध होते. परदेशी हत्यार क्वचित दिसे आणि त्याचा मोठा मान असे. १ एप्रिल २००१ पासून आयातीच्या संख्येवरील उरलेली बहुतेक बंधने उठली आणि स्वस्त परदेशी मालाचा ओघ वाढला. आज दोन्हीकडे उत्तम माल आहे आणि दोन्हीकडे टाकाऊही आहे. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट टूल्स या कंपनीने चीनमध्ये बनलेल्या आपल्या ३ व ६ टनी घोड्या परत मागविल्या. कारखान्यातील साचे झिजल्याने खटका दात्यांत नीट अडकत नव्हता. बदली दिलेल्या घोड्यांपैकी काहींचे वेल्डिंग सदोष निघाले, त्याही परत घ्याव्या लागल्या. तेव्हा नावाला भुलू नये, तपासून घ्यावे.

खरेदीच्या वेळी पाहावे ते असे : टनांची क्षमता आणि कमीत कमी व जास्तीत जास्त उंची जॅकवर कोरलेली आहे काय? टायर बसलेला असताना ॲक्सलखाली तो मावेल काय? सील संच तालुक्याला मिळतो काय? आयात मालाच्या वेष्टनावर मूळ देश व आयातदाराचा पत्ता आहे काय? आयएसआय चिन्ह असल्यास त्याखालील परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर पडताळता येतो. पक्के बिल घ्यावे. क्षमता हिशेबाने ठरवावी. बारा टन भरलेल्या चारचाकी ट्रेलरच्या एका चाकावर सरासरी तीन टन येतात. पण भार कधी सारखा नसतो, म्हणून दहा टनी जॅक घेणे शहाणपणाचे. नवा जॅक आणल्यावर रिकामा ट्रेलर उचलून, खाली घोडी ठेवून, खडूने खूण करावी व पंधरा मिनिटांनी पाहावे. खूण हलली तर माल परत करावा.

सभासदांनी आजच आपल्या वाहनातील जॅक बाहेर काढून पाहावा, आणि त्याच्याशेजारी घोडी व फळी आहे की नाही तेही पाहावे. नसेल तर पुढची खेप भरण्यापूर्वी घ्यावी. उसाला एक दिवस उशीर झाला तर वजन थोडे घटेल. गेलेला हात मात्र कोणत्याही हंगामात परत येत नाही.