मधुमेहजन्य पाददाह : परिचर्येत शेकाचा निषेध

तळव्यांची आग, मुंग्या, रात्री पांघरुणाचा स्पर्शही असह्य होणे, अशा तक्रारी घेऊन येणारा जुना मधुमेही आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. वेदना म्हणजे वात आणि वात म्हणजे स्नेहन-स्वेदन, हा क्रम आपल्या अंगी इतका मुरलेला असतो की औषधपत्राच्या शेवटी ‘शेक द्यावा’ असे सहज लिहिले जाते. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या १४ व्या अध्यायात मधुमेहीची गणना अस्वेद्यांत केली आहे, याचे त्या क्षणी विस्मरण होते.

आमचेही झाले. साठीच्या एका मधुमेही स्त्रीस आम्ही शेक लिहून दिला. सुनेने मनोभावे वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवून तळवे शेकले. सासूबाईंना चटका जाणवलाच नाही. सकाळी फोड दिसले. व्रण भरण्यास साडेतीन महिने लागले. परिचारकाच्या चार गुणांपैकी दाक्ष्य, अनुराग व शौच त्या सुनेच्या ठायी होते. उपचारज्ञता आम्ही द्यावयाची होती, ती दिली नव्हती.

दाह आणि सुप्ती एकाच पायात नांदतात, हीच या व्याधीतील फसगत होय. बिघडलेले मज्जातंतू आतून वेदना उठवितात, परंतु बाहेरचा चटका कळवीत नाहीत. तेव्हा ‘दुखते आहे, म्हणजे संवेदना शाबूत आहे’ हे अनुमान सोडावे. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट व १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क चिकित्सालयात असावा. परीक्षेस पाच मिनिटे पुरतात.

घरच्या मंडळींस पुढील गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. पाय धुण्याचे पाणी कोमटच असावे व ते रुग्णाने नव्हे, तर निरोगी व्यक्तीने कोपर बुडवून पाहावे. अभ्यंग हलक्या हाताने करावा. बोटांच्या बेचक्यांत तेल वा ओल राहू देऊ नये, अन्यथा चिखल्या होतात. तळवे रोज उजेडात पाहावेत. पादत्राण घालण्यापूर्वी त्यात हात फिरवावा. उन्हाने तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको. पायथ्याशी रिकामा खोका ठेवून त्यावरून पांघरूण घातल्यास स्पर्श टळतो व झोप लागते. या साध्या उपायाने आमच्या कित्येक रुग्णांना औषधाइतकाच आराम पडला आहे. साखरेची चालू औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत. नवा व्रण, काळसरपणा किंवा एकच पाय सुजून उष्ण लागणे, यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. कुरूपावरील पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते. बधिर पायावर ते त्वचा खाऊन व्रण करते. पट्टी वा गरम पाण्याची पिशवी मागणाऱ्यास ‘घरात कुणाला साखर आहे का?’ एवढे विचारूनच ती द्यावी.